व्यवहार फिसकटला की गुन्हा घडला? भोसरीतलं माझं प्रकरण, सल्ला हवा आहे

जॉबवर्कवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. इलेक्ट्रिकच्या कंपन्यांना लागणारे पितळेचे इन्सर्ट आणि टर्मिनल आम्ही टर्निंग करून, म्हणजे लेथवर कातून, पुरवतो. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन स्वतःची आहेत, वाढीव काम बाहेर जॉबवर्कला देतो. दिवाळीनंतर एका कंपनीची ऑर्डर एकदम वाढली म्हणून चिखलीच्या बाजूच्या एका जॉबवर्करशी बोलणं केलं. पाचशेच्या स्टॅम्पवर एका पानाचा करार झाला. महिन्याला ४०,००० नग, पितळेचे बार माझे, मशिनिंग त्याचं. त्याला कोलेट (मशीनमध्ये बार पकडणारा भाग), टूलिंग आणि एका जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून ४ लाख आगाऊ दिले, आरटीजीएसनं. शिवाय तीन खेपांत मिळून १,१५० किलो पितळी बार पाठवले.

पहिले ११,००० नग आले. माल चांगला होता, कंपनीनं पास केला. त्यानंतर एकही नग नाही. फोन केला की आज मशीन बंद, उद्या ऑपरेटर गावाला, परवा घरी आजारपण. दीड महिना हे ऐकलं आणि शेवटी स्वतः गेलो. गाळ्यात तीनपैकी एकच मशीन उरलेलं. बार ठेवायचा लोखंडी घोडा रिकामा. जमिनीवर कूलंटचे डाग, बाकी काही नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "शेठ, अडकलोय, पण तुमचा एक रुपया बुडवणार नाही."

पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी करार वाचला, परत दिला आणि म्हणाले, "तुमचा करार आहे, पैसे बँकेतून गेलेत, काही मालही आलाय. हे सिव्हिल आहे, कोर्टात जा." माझा भाचा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणतो सरळसरळ ४२० आहे.

माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत. कंपनीला वेळेत माल दिला नाही म्हणून दंड माझ्या बिलातून कापला गेला. मला कुणाला तुरुंगात घालायची हौस नाही. पण हे खरंच फक्त "व्यवहार फिसकटला" एवढंच आहे का? शब्द मोडला तर दिवाणी आणि फसवलं तर फौजदारी असं सगळे म्हणतात. ही रेघ नेमकी कुठं ओढतात, ते कुणी नीट सांगेल का?

---

चाकणकर

दादा, विचार कसला करताय, ४२० टाका. दिवाणी दावा लावला तर तुमची मुलं निकाल बघतील. ओळखीचा कुणी पोलिसात असेल तर एक फोन करायला लावा. चौकीत बोलावलं, दोन तास बसवलं की पैसे निघतात. आमच्याकडे सगळे हेच करतात.

---

शिवाजीनगरची वकील

चाकणकर, तुमचा राग समजतो, पण हा सल्ला जॉबवर्कवाल्यांनाच खड्ड्यात घालेल. समोरचा माणूस हायकोर्टात गेला आणि "पोलीस वसुली करतायत" एवढं दाखवू शकला, तर खरी असलेली तक्रारही रद्द होऊ शकते. धंद्यातली दिवाणी भांडणं फौजदारीचा मुलामा देऊन आणली जातात, ही नाराजी सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये इंडियन ऑइलच्या प्रकरणात स्पष्ट लिहून ठेवली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या अशाच प्रकरणांवर कोर्ट इतकं संतापलं की एका प्रकरणात राज्य सरकारलाच ५०,००० रुपयांचा भुर्दंड बसला.

आता मूळ प्रश्न. रेघ कुठं ते सांगायला मला कायद्यातलंच एक उदाहरण फार आवडतं. १८६० च्या दंडसंहितेत फसवणुकीच्या कलमाखाली नीळ विकणाऱ्याचं उदाहरण दिलंय. एकजण दुसऱ्याला सांगतो की मी तुला निळीची इतकी रोपं देईन, आणि आगाऊ पैसे घेतो. पैसे घेताना द्यायचा विचारच नसेल तर ती फसवणूक. पण घेताना द्यायचा विचार होता आणि नंतर त्यानं शब्द मोडला, तर ती फसवणूक नाही, फक्त करारभंगाचा दिवाणी दावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ४२० च्या जागी कलम ३१८ चं पोटकलम ४ आलं, तरी निळीचं उदाहरण तसंच ठेवलंय. नीळ गेली, तुमचे पितळी इन्सर्ट आले, प्रश्न तोच आहे: पैसे हातात घेतले त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं?

मनातलं कोर्टाला दिसत नाही, म्हणून कोर्ट त्या दिवसाच्या आसपासच्या गोष्टी बघतं. तेव्हा तो काही खोटं बोलला होता का? त्याच्याकडे मशीन खरंच होतं का, की दुसऱ्याचं दाखवलं? जीएसटी नंबर चालू होता का? तेच मशीन तारण ठेवून आणखी चौघांकडून आगाऊ घेतलं होतं का? पैसे मिळाल्यावर दोन दिवसांत ते कुठं गेले?

तुम्हाला ११,००० नग चांगले मिळालेत. फसवणुकीच्या आरोपाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त छेद देते. वाईट वाटेल, पण आत्ता सांगितलेलं बरं.

---

गुलटेकडी

ताई, तुमचं सगळं मान्य. पण दुसरी बाजूही यायला हवी. "सिव्हिल आहे" हे वाक्य ऐकून खरोखर फसलेला माणूसही गप्प घरी जातो.

मार्केट यार्डात सुकामेव्याचं आमचं दुकान, वडिलांपासून. एक नवी पार्टी आली. आधी दोनदा थोडा माल नेला, रोख. तिसऱ्यांदा आठ दिवसांची उधारी मागितली, आठव्या दिवशी बरोबर पैसे. मग सणाच्या तोंडावर १,२०० किलो काजू, पंधरा दिवसांच्या बोलीवर. सोळाव्या दिवशी फोन बंद. सांगितलेल्या पत्त्यावर गेलो तर शटर खाली, शेजारचा म्हणाला "गाळा महिन्याच्या भाड्यावर होता". भुसार बाजारातल्या आणखी तिघांना त्याच महिन्यात तसंच घातलेलं.

चौकीत आम्हालाही "उधारीचा व्यवहार आहे" असंच ऐकवलं. मग आमच्या सीएनं पोर्टलवर नंबर तपासला. मोठी ऑर्डर देण्याच्या आधीच त्याची जीएसटी नोंदणी रद्द झालेली. रद्द नंबर बिलावर घालून त्यानं आमच्याकडून माल उचलला होता. तो एक कागद आणि इतर तिघांचे अर्ज एकत्र दिले आणि गुन्हा नोंदवला गेला.

व्यवहाराचं रूप आहे म्हणून फसवणूक नाही असं होत नाही. फसवणारा बिलबुक घेऊनच येतो.

---

शिवाजीनगरची वकील

गुलटेकडी, अगदी बरोबर, आणि कोर्टानंही तेच म्हटलंय. १९९९ चा राजेश बजाज खटला बघा. व्यापारी व्यवहार आहे एवढ्या कारणावरून हायकोर्टानं रद्द केलेला गुन्हा सुप्रीम कोर्टानं पुन्हा उभा केला. बऱ्याच फसवणुका व्यापाराच्या आणि पैशाच्या व्यवहारांतूनच होतात, असं त्यात म्हटलंय. तुमच्या प्रकरणात पहिल्या दिवसाचं खोटं कागदावर सापडलं. तिथं सगळं फिरलं.

---

सिंहगड रोड

हा धागा वाचून तीन वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं. मी दुसऱ्या बाजूला होतो. आरोपी म्हणून.

लग्नकार्याच्या केटरिंगचा माझा व्यवसाय होता. किराणा एकाच दुकानदाराकडून घ्यायचो, चार वर्षं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि एप्रिल-मेचे सगळे मुहूर्त गेले. लोकांनी आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, मागणारच, त्यांचं काय चुकलं? जे होतं ते तिकडे दिलं. दुकानदाराचे ६ लाख ८० हजार राहिले. मी त्याला दर महिन्याला भेटायचो, लपलो कधीच नाही. त्याचीही ओढाताण होती. २०२१ मध्ये त्यानं ४२० (फसवणूक) आणि ४०६ (विश्वासानं दिलेल्या मालाचा अपहार) खाली गुन्हा दाखल केला.

पोलीस घरी आले तेव्हा आई कुकर लावत होती. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तशीच उभी राहिली. बोलली काहीच नाही. शेजारचे दरवाजे उघडे होते, सगळे बघत होते. आमच्या घरात त्याआधी पोलीस फक्त पासपोर्टच्या कामाला आले होते. शिवाजीनगरला सेशन्स कोर्टातून अटकपूर्व जामीन घेतला, तोवर अकरा रात्री मी एका मित्राकडे वारज्याला काढल्या.

हायकोर्टात २०२३ मध्ये गुन्हा रद्द झाला. कशामुळे? चार वर्षांच्या बिलांमुळे. लॉकडाऊनच्या आधीचं प्रत्येक बिल मी चुकतं केलेलं होतं आणि बँकेच्या पासबुकात ते दिसत होतं. घेताना बुडवायचा विचार असता तर चार वर्षं कोण पैसे देत बसलं असतं? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की उसने पैसे फेडता आले नाहीत म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. आमच्या वकिलांनी तोच निकाल वाचून दाखवला.

गुन्हा रद्द झाला, कर्ज रद्द झालं नाही. मी ते हप्त्यानं फेडलं, शेवटचा हप्ता गेल्या वर्षी दिला. पावती देताना दुकानदार म्हणाला, "तेव्हा मला कुणीतरी सांगितलं होतं की असंच केलं की पैसे निघतात."

जॉबवर्कवाले दादा, तुमचा माणूस लबाड आहे की बुडालेला, मला माहीत नाही. पण अर्ज लिहिण्याआधी एकदा शांत बसून तुम्हीच ते ठरवा.

---

मीरा_औंध

सिंहगड रोड, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

विषयाला थोडं सोडून विचारते. घराच्या इंटिरियरसाठी एकाला ३ लाख दिले, निम्मं किचन करून गायब. हे कुठं बसतं?

---

शिवाजीनगरची वकील

मीराताई, निम्मं केलं म्हणजे प्रथमदर्शनी दिवाणी, आणि तुम्ही ग्राहक आहात म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता तुम्हाला सोपा. त्याच काळात त्यानं आणखी घरांतून असेच पैसे उचलून कुठंच काम केलं नसेल, तर चित्र बदलतं. सोसायटीच्या ग्रुपवर विचारून बघा.

---

जुना तपासी

तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली काही आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात. आता निवृत्त आहे. नाव-ठाणं विचारू नये.

चौकीतला अधिकारी "सिव्हिल आहे" म्हणतो तेव्हा दरवेळी तो टाळत असतो असं नाही. त्याच्या टेबलावर महिन्याला असे ढीगभर अर्ज येतात आणि त्यातल्या बहुतेकांची शेवटची ओळ एकच असते: "तरी माझे पैसे मिळवून द्यावेत ही विनंती." अर्जदार स्वतःच सांगतोय की हा वसुलीचा मामला आहे, मग आम्ही गुन्हा काय नोंदवणार? अर्जात काय घडलं ते लिहा, कोणत्या तारखेला, कुणासमोर, कोणत्या कागदानं. पैसे मागायची जागा दिवाणी कोर्ट आहे.

२०१३ च्या ललिता कुमारी निकालानं दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक केलं. पण व्यापारी व्यवहारातल्या तक्रारींमध्ये आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ च्या पोटकलम ३ मध्ये ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांची चौकशी करता येते. ठाण्यानं नाकारलं तर लेखी अर्ज उपायुक्तांकडे पाठवायचा, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह. भोसरी-चिखली २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, पुणे शहरात जाऊन वेळ घालवू नका.

आता तुमच्या प्रकरणाचं. मी तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळे ४ लाखांवर बोलतायत. माझी नजर पितळेवर अडकली. ते बार तुम्ही त्याला विकले होते का?

---

जॉबवर्कवाला

नाही साहेब. विकले नाहीत. बार आमचेच, त्यानं फक्त टर्निंग करून द्यायचं आणि नगाप्रमाणे मजुरी घ्यायची. तिन्ही खेपा डिलिव्हरी चलनावर गेल्या, टॅक्स बिल नाही. ई-वे बिलातही कारण "जॉब वर्क" टाकलंय.

---

जुना तपासी

मग तुमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि तुम्ही ती एकाच पोत्यात भरून चौकीत नेलीत. म्हणून दोन्ही परत आली.

४ लाख तुम्ही दिले ते त्याचे झाले. त्यानं त्या बदल्यात काम द्यायचं होतं. ते दिलं नाही, तर तो तुमचा देणेकरी.

पितळ त्याचं कधीच झालं नाही. ते तुमचं होतं आणि ठरावीक कामासाठी विश्वासानं त्याच्या हवाली केलं होतं. ते त्यानं विकलं असेल, गहाण टाकलं असेल, दुसऱ्याच्या ऑर्डरला वापरलं असेल, तर तो अपहार. कायद्याच्या भाषेत फौजदारीपात्र न्यासभंग, जुनं ४०६, आता कलम ३१६ पोटकलम २, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. इथं पहिल्या दिवशी मनात काय होतं हे बघावं लागत नाही. माल घेताना तो देवमाणूस असला तरी चालतं. नंतर ज्या दिवशी बेईमानीनं तो माल स्वतःचा समजून वापरला, त्या दिवशी गुन्हा पुरा झाला.

---

शिवाजीनगरची वकील

जुना तपासी, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, मी पैशांच्याच मागे लागले. धन्यवाद.

याची पुष्टी करणारा निकाल अगदी अलीकडचा आहे. २०२४ च्या ऑगस्टमधला दिल्ली रेस क्लबचा. एका पुरवठादारानं क्लबला घोड्यांचा खुराक विकला होता, धान्य आणि ओट्स. पैसे थकले म्हणून त्यानं फौजदारी केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, विकलेला माल घेणाऱ्याचाच होतो, तो त्याच्याकडे "सोपवलेला" नसतो, म्हणून बिल थकलं तर न्यासभंग होत नाही. आणि दुसरं, फसवणूक आणि न्यासभंग हे एकाच घटनेवर एकत्र लागू शकत नाहीत. फसवणुकीत सुरुवातीपासून खोट, न्यासभंगात सुरुवात सचोटीची आणि खोट नंतर. पोलीस आणि कोर्टं ही दोन कलमं सवयीनं जोडून लावतात, त्यावर कोर्टानं चांगलंच सुनावलंय.

त्या पुरवठादारानं खुराक विकला होता, तुमचं पितळ नुसतं चलनावर गेलं. मोठा फरक इथं आहे. दादा, चलनबुक शोधा. घेणाऱ्याच्या सह्या बघा. आणि भाच्याला सांगा, ४२० चा हट्ट सोड.

---

हिशेबनीस

सीए म्हणून एक तातडीची गोष्ट. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४३. नाही आला तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं, म्हणजे टॅक्स आणि व्याज तुमच्या गळ्यात. माल गेला तो गेला, वर कर. तारीख डायरीत लिहून ठेवा.

आणि आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म, भरला आहे का? उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर वर्षातून एकदा भरायचा असतो. पुष्कळ छोटे कारखानदार तो भरतच नाहीत. तुम्ही भरला असेल तर भांडण सुरू व्हायच्या आधी सरकारकडे नोंदवलेला पुरावा तुमच्याकडे आहे की हा माल जॉबवर्कचा होता.

---

चाकणकर

माझा आधीचा सल्ला मागे घेतो. सिंहगड रोडकरांची पोस्ट वाचून झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वी मी एकाला असंच बोलावून घेतलं होतं चौकीत. पैसे मिळाले. त्याच्या घरी काय झालं असेल याचा विचार केला नव्हता.

---

जॉबवर्कवाला

नऊ दिवसांनी लिहितोय.

चलनबुक सापडलं. पहिल्या दोन चलनांवर त्याची स्वतःची सही आणि शिक्का आहे. तिसऱ्यावर कुणाचीतरी नुसती आद्याक्षरं. आमच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, त्या दिवशी त्याच्या ऑपरेटरनं माल उतरवून घेतला. आयटीसी-०४ मात्र भरायचा आहे, हिशेबनीस साहेब, कान पकडतो, मुदत आहे अजून.

वजनाचा हिशेब बायकोनं बसून काढला. एका नगाला २२ ग्रॅम बार लागतो, नग १४ ग्रॅमचा आणि भुसा, म्हणजे कातताना निघणारा पितळेचा चुरा, ८ ग्रॅम. ११,००० नगांना २४२ किलो. पाठवलेल्या १,१५० मधून ते वजा जाता ९०८ किलो त्याच्याकडे असायला हवं होतं. तिनं हे वहीच्या पानावर तारखांसह लिहिलं, आणि अर्जाला तेच पान जोडलं.

अर्ज दोन पानांचा. वकीलताई आणि जुन्या तपासींनी सांगितल्याप्रमाणे पैशांचा उल्लेख फक्त पार्श्वभूमी म्हणून. "मिळवून द्यावेत" कुठंही नाही. जाण्याआधी त्याला वकिलामार्फत नोटीस दिली की माझा माल आहे त्या स्थितीत परत कर, सात दिवस. उत्तर आलं नाही.

या वेळी चौकीतल्या त्याच साहेबांनी कागद बाजूला ठेवले नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "भुसा कुणाचा ठरला होता?" मला उत्तर देता येईना. करारात नाही, तोंडी बोललो होतो की भुसा परत करायचा. त्यांनी जबाबात तसंच लिहून घेतलं.

सिंहगड रोड, तुमचं वाक्य डोक्यात होतं. अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी एकटा त्याच्या घरी गेलो. विचारलं, बार कुठं आहेत? नुसतं सांग, आहेत की नाहीत. तो बोललाच नाही. त्याची बायको आत गेली. पंधरा मिनिटं बसून उठून आलो. बार असते तर दाखवले असते, एवढं माझं मला पटलं.

---

सिंहगड रोड

गेलात हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे कुणी असं आलं असतं तर मी वही उघडून दाखवली असती.

---

जॉबवर्कवाला

आणखी पाच आठवड्यांनी. ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं त्यांच्यासाठी, आणि धागा अर्धवट राहू नये म्हणून.

चौकशीत त्याला बोलावलं. त्याच्या बँकेचा उतारा मागवला. ४ लाखांचं काय झालं ते त्यात स्वच्छ दिसलं: कोलेट आणि टूलिंगचं एका दुकानाला दिलेलं पेमेंट, मशीन दुरुस्तीचं बिल, आणि उरलेलं मशीनच्या थकलेल्या हप्त्याला. म्हणजे ज्या कामासाठी घेतले त्याच कामाला बहुतेक लावले. वाचून मला आधी राग आला, मग वाटलं, बरं झालं मी ४२० म्हणून शपथेवर लिहिलं नाही. त्या दिवशी त्याला माझं काम करायचं होतं. हप्ता थकल्यानं फायनान्सवाल्यांनी दोन मशीन उचलून नेली आणि तिथून घसरला.

पण पितळ. शेजारच्या गाळ्यातल्या माणसानं सांगितलं की एकदा रात्री टेम्पो लागला होता. पोलिसांनी भंगाराच्या व्यापाऱ्याचा शोध घेतला. त्यानं बिल केलेलं होतं, वजनकाट्याच्या पावतीसह. तारीख माझ्या तिसऱ्या खेपेनंतर नऊ दिवसांची. म्हणजे मला "मशीन बंद आहे" म्हणत होता तेव्हा माल आधीच विकून झाला होता. काही बार व्यापाऱ्याकडे अजून पडून होते, २१० किलो, ते पंचनामा करून जप्त झाले. कलम ३१६ खाली गुन्हा नोंदवला गेला, फक्त मालापुरता.

ताई, दोन प्रश्न. जप्त माल मला कसा मिळेल? आणि ४ लाखांचं पुढं काय करू?

---

शिवाजीनगरची वकील

मुद्देमाल परत मिळावा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. बारवर मिलचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) असेल तर खरेदी बिलाशी जुळवून मालकी दाखवा. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते, सहसा बंधपत्रावर ताबा देतात.

४ लाख ही रक्कम ३ लाखांच्या वर आहे, म्हणून हा वाद व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येऊ शकतो. तिथं तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम १२अ. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं की ती पायरी गाळली तर दावाच फेटाळला जातो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मध्यस्थीचा काळ मुदतीत धरत नाहीत. तसंही दाव्याला तीन वर्षं आहेत, पण तेवढं थांबू नका.

एक लक्षात ठेवा, मध्यस्थीत "गुन्हा मागे घेतो, पैसे दे" असं बोलू नका. न्यासभंगात तडजोड होऊ शकते, पण ती कोर्टाच्या परवानगीनं, कोर्टासमोर.

---

गुलटेकडी

दादा, अभिनंदन म्हणवत नाही, पण मार्ग सापडला हे बरं झालं. आमचे काजू काही परत आले नाहीत. खटला चालू आहे.

तुमच्या धाग्याचा एक उपयोग लगेच झाला. आमचे एक नातेवाईक तळेगावला साडीवर भरतकाम बाहेरून करून घेतात. साड्या जातात नुसत्या वहीत टिपून. त्यांना चलनाचा नमुना हवाय. तुमचं चलन आता कसं करता ते इथं टाकाल का?

---

जॉबवर्कवाला

टाकतो. नवीन बुक परवाच छापून आलं. अनुक्रमांक, तारीख, दोघांचे जीएसटी नंबर, मालाचं वर्णन, वजन आणि अंदाजे किंमत हे आधीही होतं. हीट नंबरचा रकाना नवीन. खाली सहीच्या वर या तीन ओळी वकीलताईंकडून तपासून घेतल्यात:

"वरील माल फक्त जॉबवर्कसाठी ताब्यात दिला असून त्याची मालकी पाठवणाऱ्याचीच राहील. तयार नग, उरलेला माल व टर्निंगचा भुसा वजनासह परत करावयाचा आहे. माल घेणाऱ्याचे पूर्ण नाव, हुद्दा व सही."

साड्यांसाठी भुशाच्या जागी उरलेला धागा आणि जर लिहा. आणि आद्याक्षरं घेऊ नका, पूर्ण नाव लिहून घ्या. माझ्या तिसऱ्या चलनावरचा ऑपरेटर आता बिहारला गेलाय, त्याचा जबाब घ्यायला पोलिसांना अजून जमलेलं नाही.

मध्यस्थीची पहिली तारीख २३ ची मिळाली आहे.